एथेल लॉरेन्स यांनी मागितलेली छत्तीस घरं

मोगरावेल

गेल्या मंगळवारी न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाची सभा होती. हायवेलगतच्या रिकाम्या जागेवर परवडणाऱ्या घरांची वस्ती यायची आहे, त्यावर रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेणार होते. शाळेच्या कॅफेटेरियात पाय ठेवायला जागा नव्हती. माइकसमोरच्या रांगेत निम्मे चेहरे आपले होते, गुजराती, तेलुगू, मराठी. दोघं तर आमच्याच गणपती मंडळातले. "आम्ही कष्ट करून इथे घर घेतलं, आता ती माणसं येणार," असं त्यातला एक जण म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

मी बोलले नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि मला जे सांगायचं होतं ते तेवढ्यात मावणारं नव्हतं. घरी आल्यापासून मात्र चैन नाही, म्हणून इथे लिहितेय. टाउनशिपचं नाव मुद्दाम देत नाही.

आमच्याकडून गाडीने तासाभरावर, फिलाडेल्फियाच्या बाजूला, माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्याही आधीपासून काळी कुटुंबं राहतात. एथेल लॉरेन्स त्यांच्यातल्याच, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीतल्या. लहान मुलांना शिकवायच्या, चर्चमध्ये जायच्या. १९६० च्या दशकात हायवे आले, शेतांच्या जागी बंगले उठू लागले आणि गाव श्रीमंत झालं. गरीब काळी कुटुंबं तेव्हा जुन्या खोपटांत राहत होती. काही जण तर कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून त्यात. गावाने ती घरं राहण्यास अयोग्य ठरवायला सुरुवात केली. अयोग्य ती होतीच. पण ती पाडल्यावर त्या माणसांना गावात परवडेल असं दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे एकेक कुटुंब उठून कॅम्डेन शहरातल्या पडक्या वस्त्यांत जाऊ लागलं.

एथेल आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी मागणी केली ती छत्तीस घरांची. साध्या, दुमजली, भाड्याच्या घरांची. जागा बघून ठेवली होती. फक्त त्या जागेचा झोन, म्हणजे तिथे काय बांधता येईल याचा गावाचा नियम, बदलून हवा होता. १९७० सालच्या एका रविवारी गावचे मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की तुम्हाला या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल. ज्यांच्या पणज्या त्या गावात पुरलेल्या होत्या त्यांना हे सांगितलं जात होतं.

१९७१ मध्ये खटला दाखल झाला. स्थानिक एन-डबल-ए-सी-पी, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना, एथेल आणि आणखी काही जण एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो देशभर गाजला. वाढणाऱ्या प्रत्येक गावाने आपल्या परिसरातल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांचा न्याय्य वाटा उचलला पाहिजे, आणि झोनिंगचा वापर त्यांना बाहेर ठेवायला करता येणार नाही.

गावाने काय केलं? वीस एकर जागा दाखवली. गावाच्या एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी, त्यातही पाणथळ आणि कारखानदारीला खेटलेली. म्हणून पुन्हा कोर्ट. १९८३ साली दुसरा निकाल आला, आधीपेक्षा कडक. गाव टाळाटाळ करत असेल तर बिल्डर थेट कोर्टात जाऊ शकतो, आणि त्याने ठरावीक घरं स्वस्त दरात दिली तर त्याला जास्त घरं बांधायची परवानगी मिळते. १९८५ मध्ये विधिमंडळाने या न्याय्य वाट्याचा कायदा केला. त्या सगळ्या वर्षांत एथेलना धमक्या येत राहिल्या. १९९४ साली त्या गेल्या. तोवर माउंट लॉरेलमध्ये त्या प्रकल्पाची एक वीटही रचली गेली नव्हती.

१९९७ मध्ये गावाची मंजुरी मिळाली आणि २००० च्या सुमारास लोक राहायला आले. वस्तीला एथेल लॉरेन्स यांचंच नाव आहे. मागितली होती छत्तीस घरं. आज तिथे एकशे चाळीस आहेत.

आमच्या सभेत ज्या कायद्याला शिव्या बसत होत्या, तो या बाईंमुळे आला. मला वाटलं, निदान आपल्या माणसांना तिचं नाव तरी माहीत असावं.

पाचवा मजला

लेख आवडला, पण मुंबईत बसून एक गोष्ट कळत नाही. झोनिंग म्हणजे इथे कारखाना, इथे वस्ती एवढंच ना? त्यातून काळ्या माणसाला बाहेर कसं ठेवता येतं? नियमात तसं लिहिलेलं असतं का?

मोगरावेल

@पाचवा मजला, एके काळी लिहिलेलं असायचं. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने वटहुकूमच काढला होता, की गोऱ्यांची वस्ती असलेल्या गल्लीत काळ्याने राहायला जायचं नाही. तो १९१७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. विल्यम वॉर्ली नावाच्या काळ्या कार्यकर्त्याने मुद्दाम अशा गल्लीत प्लॉट घ्यायचा करार करून तो खटला उभा केला होता.

माउंट लॉरेलच्या नियमांत रंगाचा शब्दही नव्हता. राहत्या भागात फक्त स्वतंत्र बंगला बांधायचा, प्लॉट अमुक आकाराचाच हवा, रस्त्याला लागून रुंदी अमुक इतकी हवी. जवळजवळ तीस टक्के जमीन कारखान्यांसाठी राखलेली, आणि ती रिकामी पडलेली. जिथे फ्लॅटना परवानगी दिली तिथे दोनपेक्षा जास्त बेडरूमच्या घरांवर बंधनं, कारण बेडरूम वाढल्या की मुलं येतात आणि मुलं आली की शाळेचा खर्च वाढतो. इथे शाळा मुख्यतः गावच्या घरपट्टीवर चालते, त्यामुळे लहान मूल हे गावाच्या हिशेबात खर्चाच्या बाजूला लिहिलं जातं. न्यू जर्सीत साडेपाचशेहून जास्त गावं आहेत आणि प्रत्येक जण हाच हिशेब करतं. प्रत्येकाने शेजारच्या गावाकडे बोट दाखवलं की गरीब माणूस राहणार कुठे? कोर्टाने नेमकं याच जागी बोट ठेवलं.

दोन खारी

मीही न्यू जर्सीतच. त्या रांगेत कदाचित माझ्यासारखाच कुणी तरी होता, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

एथेल लॉरेन्स यांच्याबद्दल पूर्ण आदर. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. वर्षाला चौदा हजार डॉलर घरपट्टी भरतो. मुलाच्या वर्गात आत्ताच सत्तावीस मुलं आहेत. रस्ता एकपदरी, संध्याकाळी घरी यायला चाळीस मिनिटं लागतात. त्यात बिल्डर येतो, वीस टक्के घरं स्वस्त देतो आणि त्या बदल्यात ऐंशी टक्के महाग घरं कोंबून बांधतो. फायदा कुणाचा? या सगळ्याला विरोध केला की माणूस लगेच वंशवादी ठरतो का? घराची किंमत पडली तर माझ्या म्हातारपणाची बेगमी गेली.

मोगरावेल

@दोन खारी, तुम्हाला वंशवादी कुणी म्हणत नाही, मी तर नाहीच. रस्त्याचा मुद्दा खरा आहे, बिल्डरचाही. "बिल्डरला जास्त घरं" हा उपाय कोर्टाने नाइलाजाने दिला, कारण गावं दुसऱ्या कशानेच हलत नव्हती. गावाने स्वतः जागा देऊन ना-नफा संस्थेकडून बांधून घेतलं तर त्या ऐंशी टक्क्यांची गरजच नाही. माउंट लॉरेलमधली वस्ती तशीच आहे, शंभर टक्के परवडणारी.

किमतीचं म्हणाल तर त्याच वस्तीचा अभ्यास प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आसपासच्या घरांच्या किमती, गुन्हे, कर या तिन्हींची तुलना त्यांनी तशाच दुसऱ्या गावांशी केली. वस्तीमुळे वाईट परिणाम झाल्याचं काहीही दिसलं नाही. आणि मंजुरीच्या आधीच्या सभांमध्ये लोकांनी नेमक्या याच तीन भीती बोलून दाखवल्या होत्या.

मला बोचलं ते "ती माणसं" हे दोन शब्द. वर्गातल्या मुलांच्या संख्येवर बोला, मी तुमच्या शेजारी उभी राहीन.

नोंदवही

धागा चांगल्या वळणावर आहे, थोडी भर घालतो. अशी घरं म्हटली की आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग आठवतात आणि ते बरोबरच आहे. १९६६ साली ते शिकागोच्या नॉर्थ लॉनडेल भागात भाड्याच्या खोलीत राहायला गेले, आणि तिथल्या मार्क्वेट पार्कच्या मोर्चात त्यांच्या डोक्याला दगड लागला. पण कायदा पुढे नेणारे हात दुसऱ्यांचेही होते.

एडवर्ड ब्रूक हे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर. काळे आणि रिपब्लिकन. १९६६ मध्ये थेट लोकांच्या मतांवर सिनेटमध्ये निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले, अधिकारी म्हणून परत आले आणि कुटुंबाला हव्या त्या ठिकाणी घर मिळेना. हे त्यांनी सिनेटमध्ये उभं राहून सांगितलं. मिनेसोटाचे वॉल्टर मोंडेल आणि ब्रूक यांनी मिळून घरांच्या भेदभावाविरुद्धचा कायदा मांडला. दक्षिणेकडचे सिनेटर भाषणांवर भाषणं करून मतदान होऊ देत नव्हते. चर्चा बंद करण्याचा ठराव चौथ्या प्रयत्नात मंजूर झाला. पडद्यामागे एकेका सिनेटरची मनधरणी करणारे होते एन-डबल-ए-सी-पीचे क्लॅरेन्स मिचेल. त्यांना लोक "एकशे एकावा सिनेटर" म्हणायचे. तरी विधेयक खालच्या सभागृहात अडकलंच. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली आणि ११ एप्रिलला कायद्यावर सही झाली.

त्या कायद्यात रंगाबरोबर धर्म आणि मूळ देश हेही शब्द आहेत. तुम्हा-आम्हाला आडनाव बघून घर नाकारणं तिथे बेकायदा आहे ते त्यामुळे.

तो पुरेसा नव्हता हेही खरं. घरबांधणी खात्याला फक्त समेट घडवता येत होता, शिक्षा करता येत नव्हती. दात आले ते १९८८ च्या दुरुस्तीने. त्या खात्याचे पहिले मंत्री रॉबर्ट वीव्हर, अमेरिकेच्या इतिहासातले पहिले कृष्णवर्णीय कॅबिनेट मंत्री. राष्ट्राध्यक्ष केनेडींना हे खातं आधीच काढायचं होतं, पण १९६२ मध्ये काँग्रेसने हाणून पाडलं, कारण त्यावर वीव्हर बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी जॉन्सन यांच्या काळात, १९६६ मध्ये, ते बसलेच.

ब्रूक यांची दुसरी कामगिरी मला जास्त मोठी वाटते. सरकारी घरांचं भाडं तेव्हा इमारत चालवायच्या खर्चावर ठरायचं, त्यामुळे फार गरीब कुटुंबांची निम्म्याहून अधिक कमाई भाड्यात जायची. १९६९ साली ब्रूक यांनी दुरुस्ती आणली: भाडं कुटुंबाच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही. १९८१ मध्ये ते ३० टक्के झालं. इमारतीऐवजी माणसाच्या खिशाकडे बघून भाडं ठरवायचं, हा विचारच नवा होता. त्याची दुसरी बाजूही आहे. भाड्यातली तूट सरकारने पुरेशी भरून दिली नाही आणि अनेक इमारती देखभालीअभावी मोडकळीला आल्या. दोष दुरुस्तीचा नव्हता, अपुऱ्या पैशाचा होता.

रानवाट

वाचतेय. कायद्याने दार उघडलं तरी आत शिरायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच ना? बँका तर काळ्या वस्त्यांना कर्जच देत नव्हत्या असं ऐकलंय.

नोंदवही

@रानवाट, बरोबर. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे रंगवले होते, काळ्या वस्त्यांवर लाल रंग. सरकारी हमीचं कर्ज तिथे जवळजवळ मिळतच नसे. मग शिकागोत दलाल "हप्त्यावर घर" विकायचे. दुपटीच्या भावाने, आणि सगळे हप्ते फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही. लॉनडेलमधल्या अशा कुटुंबांनी १९६८ मध्ये संघ काढला आणि हप्ते देणंच बंद केलं. क्लाइड रॉस हे त्यातले एक पुढारी, मिसिसिपीतून आलेले. शेकडो कुटुंबांनी नव्याने करार करून घेतले. कोर्टात मात्र ते हरले.

वर्धेकर

रानवाट यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत काही माणसं पार आपल्या पवनारच्या विनोबांच्या विचारापर्यंत येऊन पोहोचली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. जरा विस्ताराने सांगतो.

जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ऑल्बनी नावाचं शहर आहे. १९६१ पासून चार्ल्स शेरॉड नावाचा तरुण तिथे काळ्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करायला खेड्यापाड्यांत फिरत होता. खेड्यातली कुटुंबं गोऱ्या मालकाच्या जमिनीवर बटईने राबायची आणि राहायचीही मालकाच्याच खोपटात. दक्षिणेत ठिकठिकाणी व्हायचं ते असं: मत नोंदवलं, की मालक दुसऱ्या दिवशी बोचकं रस्त्यावर फेकायचा. टेनेसीतल्या फेएट काउंटीत १९६० साली अशा हुसकावलेल्या कुटुंबांना तंबूंत राहावं लागलं होतं. ज्याचं घर दुसऱ्याच्या मुठीत त्याचं मतही दुसऱ्याच्या मुठीत, हे शेरॉड रोज डोळ्यांनी बघत होते. त्यांच्या पत्नी शर्ली यांचे वडील शेतकरी होते. १९६५ मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने त्यांना गोळी घातली, आणि कुणावर आरोपपत्रसुद्धा ठेवलं गेलं नाही. शर्ली तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या.

मग जमीनच आपल्या लोकांच्या नावावर करायची असं ठरलं. पण कुणाच्या नावावर? एकेकट्याच्या नावावर केली तर कर्जापायी, करापायी ती पुन्हा जाणार. हाच अनुभव विनोबांना आला होता. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर दिली, तिथून भूदान सुरू झालं. पण बैल नाही, बियाणं नाही, अशा माणसाच्या हाती दिलेला तुकडा सावकाराकडे जायला वेळ लागत नाही. त्यातून ग्रामदान आलं: जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा.

रॉबर्ट स्वान नावाचे शांतिवादी बांधकाम कारागीर आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी राल्फ बोर्सोदी या ग्रामदानाने भारावले होते. ऑल्बनीच्या चळवळीतले स्लेटर किंग यांच्याशी स्वान यांची गाठ पडली. स्लेटर जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करायचे, जमिनीची बाजू त्यांना ठाऊक होती. १९६८ मध्ये ही मंडळी इस्रायलला जाऊन तिथली सामूहिक जमिनीची व्यवस्थाही बघून आली. १९६९ मध्ये "न्यू कम्युनिटीज" ही संस्था उभी राहिली आणि ली काउंटीत सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली गेली. त्या काळी काळ्या लोकांच्या मालकीचं एवढं मोठं सलग क्षेत्र अमेरिकेत दुसरं नव्हतं असं म्हणतात. जमीन कायमची न्यासाची, विकायची नाही. कुटुंबांना घरासाठी आणि शेतीसाठी दीर्घ मुदतीचा, वारसाने चालणारा भाडेपट्टा. स्लेटर मात्र १९६९ च्या मार्चमध्येच मोटार अपघातात गेले.

त्यांनी पूर्ण गावं आखली होती. शाळा, दवाखाना, शेकडो कुटुंबांची घरं. केंद्राच्या गरिबी निर्मूलन योजनेतून नियोजनाला पैसे मिळाले, पण पुढचे अनुदान गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स यांच्या विरोधामुळे आलंच नाही. घरं राहिली आणि कर्ज फेडायला शेती करावी लागली. भुईमूग, मका, सोयाबीन, डुकरं. लागोपाठ दुष्काळ पडले. शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांना जे तातडीचं सरकारी कर्ज मिळत होतं, ते यांना वर्षानुवर्षं अडवलं. १९८५ मध्ये जमीन गेली.

गोष्ट इथे संपत नाही. काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्यावर मोठा खटला भरला, त्याची तडजोड १९९९ मध्ये झाली. त्याच्या आधारे न्यू कम्युनिटीजने दाद मागितली आणि २००९ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. शर्ली आणि चार्ल्स तेव्हा म्हातारे झाले होते. त्या पैशातून त्यांनी ऑल्बनीजवळ सोळाशे एकरांवर मळा घेतला, आणि तो मळा एके काळी गुलामांच्या श्रमावर चाललेला. चार्ल्स २०२२ मध्ये गेले.

ऑल्बनीची घरं झाली नाहीत, पण जमीन न्यासाची आणि घर कुटुंबाचं हा साचा अमेरिकाभर पसरला. आज तिथल्या अनेक शहरांत असे न्यास आहेत. घर विकायचं तर ठरलेल्या सूत्राने, म्हणजे विकणाऱ्यालाही काही मिळतं आणि पुढच्या कुटुंबालाही परवडतं.

वैनगंगा

वर्धेकर काका, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाने २०१३ मध्ये ग्रामदान कायद्याखाली सगळ्या जमिनी ग्रामसभेकडे दिल्या. गडचिरोलीतल्या गोंडांचं गाव आणि जॉर्जियातले ते शेतकरी एकाच वाटेवर असतील, हे मला ठाऊक नव्हतं.

दोन खारी

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मॅसींचा अभ्यास शोधून बघतो. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणत नाही, शाळेचा प्रश्न आहेच. पण गावाने स्वतः जागा द्यावी आणि ना-नफा संस्थेला बोलवावं, हा मुद्दा आमच्या सभेत कुणीच मांडला नव्हता. तो मी मांडीन.

प्राजक्त

इथे पहिल्यांदाच लिहितेय. खातं फक्त वाचायला काढलं होतं.

मी अशा घरात सहा वर्षं राहते. घटस्फोट झाला तेव्हा मुलगी दुसरीत होती. डे-केअरमध्ये मदतनीस म्हणून काम करते. त्या पगारात या गावात एक खोलीही मिळाली नसती आणि मुलीची शाळा सुटली असती. गणपतीला जाते, मोदक करून नेते. कुठे राहतेस असं कुणी विचारलं की रस्त्याचं नाव सांगते, वस्तीचं नाही. तुमच्या त्या सभेसारख्या सभेला मीही मागे उभी होते, दोन वर्षांपूर्वी.

एथेल लॉरेन्सही लहान मुलांना शिकवायच्या, हे आज कळलं.

मोगरावेल

प्राजक्त, तू लिहिलंस हे फार मोठं आहे. मला खाजगी निरोप पाठव, पुढच्या वेळी मोदक आपण मिळून करू.

सांजवात

माझी मावसबहीण मुलासह एकटी आहे, सध्या तळघरात भाड्याने राहते. प्राजक्त, अर्ज कसा करायचा सांगशील का?

प्राजक्त

@सांजवात, राज्याच्या हाउसिंग रिसोर्स सेंटरच्या संकेतस्थळावर गावानुसार घरांची यादी असते. त्या भागाच्या मधल्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत कमाई असेल तर कमी उत्पन्न गट, ८० टक्क्यांपर्यंत मध्यम गट, आणि ३० टक्क्यांच्या आत असेल तर अगदी कमी उत्पन्नाचा वेगळा गट. एकाच गावात अर्ज करून थांबू नका, जवळपासच्या सगळ्या गावांत करा, कारण सोडत निघते. पगाराच्या पावत्या, कराची विवरणपत्रं आणि बँकेचे कागद एका फाइलमध्ये तयार ठेवायला सांगा. नंबर लागल्यावर कागद द्यायला फार दिवस देत नाहीत. मला चौदा महिने लागले. बहिणीला माझ्याशी बोलायला सांगा, फॉर्म मी भरून देईन.